पावसाच्या तोंडीं घरटें सोडणारीं पिलें

वैशाख सरत आला कीं आपल्यांतील पुष्कळ घरांत एक प्रसंग हटकून घडतो. रात्रीं वळीव पडून गेलेला असतो, अंगण अजून ओलें असतें, आणि घरांतील एखादें मूल दोन्ही हातांची ओंजळ करून धांवत माजघरांत येतें. ओंजळींत पांखराचें पिलूं असतें. लागलीच कोणी कापूस आणतें, कोणी वाटींत दूध घेतें, कोणी भाताचीं शितें कुस्करतें. वडील बायका 'बिचारें आईवेगळें झालें' म्हणून हळहळतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें पिलूं पुठ्ठ्याच्या खोक्यांत निश्चेष्ट आढळतें, आणि परसांतल्या पेरूखालीं एक लहानसा खड्डा खणला जातो. या साऱ्या धांवपळींतील भूतदया खरी असते. परंतु जिच्या आधारें ती चालते ती समजूत बहुधा खोटी असते, आणि तिच्यापायीं दर वर्षीं कितीतरी धडधाकट पिलें नाहक मरतात. तें टळावें म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट ही कीं, तें पिलूं बहुधा पडलेलें नसतें. तें आपण होऊन घरट्याबाहेर निघालेलें असतें. संस्कृतांत पक्ष्याला 'द्विज' म्हणतात, कारण त्याचा एक जन्म अंड्याच्या रूपानें होतो आणि दुसरा अंडें फोडून बाहेर येतांना. आमच्या वाचकांस हा शब्द दुसऱ्या अर्थानेंही चांगला परिचित आहे! निरीक्षकानें मात्र पक्ष्याचा आणखी एक जन्म मोजावयास हवा, तो घरटें सोडण्याचा. आणि तो ज्या दिवशीं येतो त्या दिवशीं आभाळ निरभ्र असेलच असें नाहीं.

कांहीं पक्ष्यांना ही अडचण फारशी येत नाहीं. टिटवी उघड्या माळावर चार अंडीं घालते. तिचीं पिलें अंड्यांतून निघतांनाच लवेनें झांकलेलीं आणि डोळे उघडे असलेलीं असतात, आणि कांहीं तासांतच आईमागून दुडदुडूं लागतात. माळढोकाचेंही तसेंच. त्याच्यासाठीं १९७९ सालीं नगर व सोलापूर या दोन जिल्ह्यांच्या माळरानावर अभयारण्य करण्यांत आलें. आतां तेथें त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. परंतु आपल्या अंगणांत घरटीं करणारे बुलबुल, चिमणी, शिंपी, शिंजीर हे सारे दुसऱ्या प्रकारांतले. यांचीं पिलें उघडीं-नागडीं आणि आंधळीं जन्मतात, आणि दोन आठवड्यांच्या आंतबाहेर त्यांना पंख फुटून जग पाहावें लागतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. घरट्यांत किती दिवस राहावयाचें हें पिलांच्या आकारावरूनच केवळ ठरत नाहीं. घरटें कसें आहे यावरही तें फार अवलंबून असतें. बुलबुलाचें घरटें म्हणजे झुडपांतली उघडी वाटी. साप, मांजर, सरडा, कावळा यांपैकीं कोणालाही तिच्यांत तोंड घालतां येतें. म्हणून त्याचीं पिलें बारा-तेरा दिवसांतच, नीट उडतांही येत नसतांना, बाहेर पडतात. शिंपी पानें शिवून त्यांच्या कोषांत घरटें लपवितो. त्याचीं पिलें सुमारें चौदा दिवस आंत राहतात. वळचणीच्या किंवा भिंतीच्या भोंकांतली चिमणी पंधरवडाभर पिलांना आंत ठेवते. सुगरणीचीं पिलें सुमारें सतरा दिवसांनीं निघतात. आणि जुन्या दगडी इमारतींच्या कमानीखालीं, जेथें कोणाचाच हात पोंचत नाहीं अशा जागीं, चिकट लाळेनें पिसें व गवत जोडून घर करणाऱ्या पाकोळीचीं पिलें पांच आठवड्यांहूनही अधिक काळ आंत बसून असतात. सारांश, घर जितकें धोक्याचें तितकी ते सोडण्याची घाई अधिक. पाऊस, वारा, ढग यांचा विचार या हिशेबांत मागाहून येतो.

आतां आमच्या जिल्ह्याच्या हवामानाकडे वळूं. नगर, ज्याचें नांव २०२४ पासून सरकारदरबारीं अहिल्यानगर झालें आहे, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला मुलूख. पश्चिमेस अकोले तालुक्यांत कळसूबाई, रतनवाडी, घाटघर या बाजूस पावसाची अक्षरशः झोड असते. परंतु तेथून पूर्वेकडे उतरलें कीं पाऊस झपाट्यानें ओसरतो, आणि कर्जत, श्रीगोंदें, जामखेड या बाजूचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. शिवाय आमचा पाऊस सरळमार्गी नाहीं. रोहिणींत आणि मृगांत तो वादळ-विजांसह अंगावर येतो, आषाढ-श्रावणांत बऱ्याच वेळां नुसता वाकुल्या दाखवितो, आणि भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर महिन्यांत, वर्षांतला सर्वांत अधिक पाऊस देऊन जातो. पक्ष्यांना पिलांसाठीं किडे-आळ्या हव्या असतात. आणि किडे-आळ्या तर पावसामागोमागच येतात. तेव्हां ज्या पावसाच्या भरवशावर अंडीं घालावयाचीं त्याच पावसाच्या तडाख्यांत पिलें बाहेर काढावयाचीं, असा हा पेंच आहे. कोरड्या ऋतूंत पिलें वाढवावीं तर खावयास नाहीं. ओल्या ऋतूंत वाढवावीं तर तीं भिजतात.

२०२५ सालच्या मे महिन्यांत हा पेंच फार स्पष्ट दिसला. त्या वर्षीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं, म्हणजे नेहमींच्या तिथीच्या दोन आठवडे अगोदर, मुंबईंत दाखल झाला. त्याच्या आधींपासूनच आमच्याकडे वळिवाच्या सरींवर सरी चालू होत्या. रोहिणी लागल्या त्याच वेळीं आमच्या वाड्याच्या मागील चौकांत, न्हाणीघराच्या भिंतीवर चढविलेल्या मधुमालतींत, एका लालबुड्या बुलबुलाचीं तीन पिलें बारा दिवसांचीं झालीं होतीं. एप्रिलच्या अखेरीस त्या जोडप्यानें काड्या गोळा केल्या. मेच्या आरंभीं गुलबट रंगावर तांबूस ठिपके असलेलीं तीन अंडीं दिसलीं. आणि चौदा तारखेस पिलें बाहेर आलीं. तेव्हांपासून ओसरीच्या खांबाआड आरामखुर्ची टाकून सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे पाहत बसणें हा माझा नित्यक्रम होता. निवृत्त माणसास याहून स्वस्त करमणूक कोणती?

पंचविसाच्या सायंकाळीं मोठी सर आली. वाऱ्यानें वेलाचा एक बांबू कलला आणि घरटें एका अंगास तिरपें झालें. रात्रभर आई वर पंख पसरून बसली होती. सव्वीस तारखेस सकाळीं आभाळ भरलेलें होतें, झिमझिम चालू होती, आणि अशा हवेंत पिलें घरट्यांतच दडून राहतील असें वाड्यांतील सर्वांस वाटत होतें. परंतु आईबापांचा रागरंग निराळा होता. आदल्या दिवसापर्यंत किडा घेऊन थेट घरट्यावर येणारा बाप आतां चार हात दूर कण्हेरीवर बसला. चोचींत हिरवी आळी, आणि घशांतून एक आखूड, पुनःपुन्हां येणारी हांक. पिलांनीं चोची आ केल्या. तो जागचा हलला नाहीं. त्यानें आळी स्वतः खाल्लीही नाहीं. थोड्या वेळानें आई तशीच येऊन बसली. भूक लागलेल्या लेंकरास ताट दुरून दाखवावें तसा तो प्रकार होता, आणि तो तासभर चालला.

साडेआठाच्या सुमारास एक पिलूं घरट्याच्या कांठावर चढलें. तेथून डहाळीवर. शेपूट अजून बोटभर सुद्धां नव्हती, चोचीच्या कडा पिवळ्या, पंखांच्या मुळाशीं पिसांच्या नळ्या पुरत्या उमललेल्या नव्हत्या. त्यानें पंख फडफडविले, तोल सांवरला, पुन्हां फडफडविले, आणि नेमकी त्याच वेळीं मोठी सर आली. मला वाटलें आतां तें मागें फिरेल. त्यानें उडी घेतली. उडी म्हणण्यापेक्षां तें तिरकें पडणें होतें. पंखांनीं पडण्याचा वेग तेवढा कमी झाला. धुण्याच्या दगडावर तें टेकलें, दोन क्षण तसेंच बसलें, आणि मग टुणटुण उड्या मारीत कर्दळीच्या पानांखालीं गेलें. बाप लागलीच तेथें उतरला व ती आळी त्याच्या घशांत गेली. दुसरें पिलूं अर्ध्या तासानें निघालें आणि वेलांतच खालच्या फांदीवर अडकून राहिलें. तिसरें, जें सर्वांत लहान होतें, तें दुपारपर्यंत घरट्यांत एकटेंच भिजत बसलें आणि पाऊस किंचित् उघडल्यावर निघालें.

या अवधींत वाड्यांतल्या मुलांनीं तीनदां त्या पिलांना उचलण्यासाठीं धांव घेतली आणि तीनही वेळां खालच्या सोप्यांतल्या आजींनीं त्यांना ओसरीवरच थोपविलें. आजींनीं पक्षिशास्त्र वाचलेलें नाहीं. "त्याचे आईबाप समोर बसले आहेत ना? मग तुम्ही कोण?" एवढेंच त्या म्हणाल्या. वाड्याचें मांजर मात्र त्यांनीं स्वतः उचलून कोठीच्या खोलींत कोंडलें, आणि तें दोन दिवस तेथेंच राहिलें. या वृत्तांतांत माझ्या मतें सर्वांत उपयुक्त कृति हीच होय.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जें दिसलें त्यानें या साऱ्या घाईचा उलगडा झाला. वेलावर भारद्वाज आला. आपल्याकडे भारद्वाजाचें दर्शन शुभ मानतात. बाहेर निघतांना तो दिसला तर काम होतें म्हणून कित्येक जण हात जोडतात, आणि आमच्या वाड्यांतही दोघांनीं जोडले. परंतु हा तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा पक्षी झुडपांतून सावकाश चालत चालत दुसऱ्यांचीं अंडीं आणि पिलें शोधून खाण्यांत तरबेज आहे. तो वेलांतून चढत गेला, तिरप्या झालेल्या घरट्यांत त्यानें मान घातली, आंत कांहीं नाहीं असें पाहून पुन्हां घातली, आणि उडून गेला. पिलें एक दिवस ऊन पाहून थांबलीं असतीं तर एकाच खेपेंत तिन्हीं संपलीं असतीं. पावसांत तीं तीन ठिकाणीं विखुरलीं म्हणून वांचण्याची संधि तरी राहिली. तिन्हीं वांचलीं असें मात्र नाहीं. सर्वांत लहान पिलाची हांक सत्तावीस तारखेच्या दुपारनंतर ऐकूं आली नाहीं, आणि आईबापही त्या बाजूस जाईनासे झाले. उरलेलीं दोन आठवड्याभरांत चिंचेच्या शेंड्यापर्यंत पोंचलीं. पुढेंही कांहीं दिवस तीं आईबापांच्या मागें पंख थरथरवीत खाऊ मागत हिंडत होतीं.

पाऊस पिलांना मारतो तो कसा, हेंही पाहिलें पाहिजे. मोठ्या पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशीं तेलाची एक ग्रंथि असते. तिचें तेल चोचीनें पिसांना चोळून तो तीं निगुतीनें राखतो, आणि पाणी बरेंचसें वरच्यावर ओघळून जातें. पिलांचीं पहिलीं पिसें विरळ आणि मऊ असतात. पाणी त्यांतून कातडीपर्यंत जातें, आणि इवल्याशा देहांतली ऊब भराभर निघून जाते. दुसरें असें कीं, संततधारेंत किडे उडत नाहींत, आळ्या पानांआड दडतात, आणि आईबापांना अन्न मिळणें कठीण होतें. मग त्यांच्यापुढें दोन कामें एकदम येतात: पिलांवर बसून त्यांना ऊब द्यावी कीं त्यांच्यासाठीं अन्न शोधावयास जावें? तासाभराची सर तितकी घातक नसते. दोन दिवसांची झड असते.

या बाबतींत पाकोळीच्या जातीचा मार्ग अगदींच वेगळा आहे. तिचें सारें अन्न हवेंत उडणारें, म्हणून पावसाळी हवेंत तिचे तर सर्वस्वीं हाल. विलायतेंत ऑक्सफर्ड येथील संग्रहालयाच्या मनोऱ्यांत डेव्हिड लॅक या शास्त्रज्ञानें तिकडच्या पाकोळ्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला व १९५६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. हवा वाईट असली तर तीं पिलें जणूं अर्धवट निद्रेंत जातात, अंगांतली ऊब कमी करतात, आणि कित्येक दिवस उपाशी काढतात. ऊन पडलें कीं पुन्हां वाढूं लागतात. त्यामुळें घरटें सोडण्यास एखाद्या वर्षीं पांच आठवडे लागतात तर एखाद्या वर्षीं आठ. ज्यांना उंच मनोऱ्यांतलें भक्कम घर लाभलें आहे त्यांनाच अशी वाट पाहणें परवडतें. मधुमालतींतल्या बुलबुलाला तें परवडत नाहीं.

सुगरणीची गोष्ट या दोहोंच्या मधली, आणि मला तर ती सर्वांत अद्भुत वाटते. आमच्या भागांत विहिरीवर झुकलेल्या बाभळींना तिचीं लोंबतीं घरटीं अजूनही दिसतात. नांव जरी सुगरण असलें तरी विणकाम नराचें असतें. सलीम अली यांनीं १९३० सालच्या पावसाळ्यांत अलिबागजवळ किहीम येथें या पक्ष्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें आणि दाखवून दिलें कीं, नर अर्धवट घरटें विणून थांबतो, माद्या येऊन तें पाहून-पारखून घेतात, एखादीला पसंत पडलें म्हणजे तो तें पुरें करतो, आणि मग दुसऱ्या घरट्यास व दुसऱ्या मादीस लागतो. (हा भाग घरांतील मुलांना वाचून दाखवितांना वडील मंडळींनीं आपापल्या विवेकानें गाळावा!) पावसाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें असें. हीं घरटीं पुष्कळदां झाडाच्या पूर्वेच्या अंगास असतात, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्या-पावसास झाडाचीच आड होते. आंतल्या बाजूस नर ओल्या मातीचे गोळे थापतो. त्या वजनानें घरटें वाऱ्यांत कमी हेलकावतें असें कित्येकांचें मत आहे. आणि दार म्हणजे खालीं तोंड केलेली लांब नळी. तेथून पिलूं निघालें कीं खालीं फांदी नाहीं, दगड नाहीं, कर्दळ नाहीं; खालीं विहिरीचें पाणी. बुलबुलाच्या पिलासारखें अर्धवट पंखांनीं खालीं टेकणें येथें शक्यच नाहीं. म्हणून तें अधिक दिवस आंत थांबतें आणि पहिल्याच झेपेंत समोरच्या ज्वारी-बाजरीच्या ताटापर्यंत किंवा काठच्या झुडपापर्यंत जातें. मोठें वादळ होऊन घरटेंच तुटलें तर मात्र उपाय नसतो. वादळानंतरच्या सकाळीं विहिरीवर तरंगणारीं घरटीं खेड्यांतल्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील.

आतां अंगणांत पिलूं सांपडलें तर काय करावें? प्रथम त्याच्या अंगाकडे पाहावें. पिसें फुटलेलीं असतील, तें पायांवर उभें राहत असेल, बोटाला पकडत असेल, तर तें उडावयास शिकत असलेलें पिलूं आहे. त्यास घरांत आणूं नये. अगदींच वाटेंत किंवा मांजराच्या टप्प्यांत असेल तर उचलून जवळच्या झुडपाच्या दाट फांदीवर ठेवावें व आपण दूर व्हावें. मनुष्याचा हात लागला कीं आई पिलाला टाकते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. त्यांत तथ्य नाहीं. पिलूं आपलें आहे हें आईबाप त्याच्या हांकेवरून आणि जागेवरून ओळखतात, आपल्या हाताच्या वासावरून नाकारीत नाहींत. अंडीं उबवीत असतां वारंवार घरट्याशीं गेल्यास जोडपें तें सोडून जातें हें खरें, आणि हा समज बहुधा त्यावरूनच निघाला असावा.

पिलूं उघडेंनागडें, डोळे मिटलेलें असेल तर तें खरोखर पडलेलें असतें. तें घरट्यांत परत ठेवावें. घरटेंच मोडलें असेल तर लहान परडींत सुकें गवत घालून ती त्याच फांदीशीं बांधावी. बुलबुलासारखे पक्षी पुष्कळदां अशा परडींत येऊन चारा भरवितात. पिलूं भिजून गारठलें असेल तर तोंड सैल ठेवलेल्या खोक्यांत, कोरड्या सुती फडक्यावर, अंधारांत व उबेंत तासभर ठेवावें आणि पाऊस थांबतांच जेथें सांपडलें तेथेंच नेऊन सोडावें. या तासाभरांत त्यास दूध मुळींच देऊं नये. पक्ष्याच्या पोटाला दूध ठाऊक नाहीं. पाणीही चमच्यानें किंवा कापसाच्या बोळ्यानें चोचींत पिळूं नये. जिभेच्या मुळाशींच श्वासनलिकेचें तोंड असतें, आणि तेथें उतरलेला एक थेंब पिलास बुडवावयास पुरतो. खोक्यांतलीं कित्येक पिलें भुकेनें नव्हे, तर आपण प्रेमानें पाजलेल्या पाण्यानेंच मरतात. पुढें पाळण्याच्या हेतूनें रानपक्षी घरांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही निषिद्ध आहे.

आणखी एक. पिलाच्या आसपास घिरट्या घालणारा पक्षी त्याच्यासारखा दिसत नाहीं, एवढ्यावरून तें पोरकें मानूं नये. कोकिळेला संस्कृतांत 'परभृत' म्हणतात तें अक्षरशः खरें आहे. तिचें पिलूं कावळा वाढवितो. ज्याच्या आगमनानें पावसाची चाहूल लागते तो चातकही आपलें अंडें सातभाईंच्या घरट्यांत घालून मोकळा होतो, आणि श्रावणांत एखादें चातकाचें पिलूं सातभाईंच्या कळपामागें खाऊ मागत हिंडतांना दिसतें. त्यास उचलूं गेल्यास सातभाईंचा सारा कळप डोक्यावर येऊन कलकलाट करतो. सर चालू असतां कांहींच ऐकूं येत नाहीं, म्हणून पिलूं एकटें वाटतें. पाऊस ओसरला, पागोळ्यांचा आवाज मंदावला, म्हणजे ओसरीवर अर्धा तास स्वस्थ बसून कान द्यावा. पिलाची बारीक चिवचिव आणि तिला कोठून तरी मिळणारें उत्तर अशा वेळीं बहुधा ऐकूं येतें.